आमचे संत्रे

आमच्या परसातील झाड कशाचे आहे, असे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि राज्य शासनाच्या महसूल खात्यात ३७ वर्षे काढूनही ह्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणे आम्हांस साधलेले नाही. दक्षिणेच्या फांदीला संत्री लागतात. तिच्याशेजारी मोसंबी आहे, पश्चिमेस किन्नो, उत्तरेस पपनस. वायव्येस जेथे आता बोर्डो मलम फासलेले हातभर थोटूक उरले आहे, तेथे २०२३ पर्यंत कागदी लिंबू होते. पूर्वेकडे जी सर्वांत दांडगी, काटेरी फांदी गच्चीच्या कठड्यास जाऊन टेकली आहे, तिच्याविषयी लिहावयाचे म्हणूनच खरे तर लेखणी हाती घेतली. परंतु तिची हकीकत एकदम सांगता येण्याजोगी नाही.

झाड एकच आहे. मूळ एक, खोड एक. पाहुण्यांपैकी निम्म्यांना हा चमत्कार वाटतो आणि उरलेल्यांना लबाडी. एका निवृत्त प्राचार्यांनी तर आम्ही फळे दोऱ्याने बांधली असावीत, अशा संशयाने फांदी हलवून पाहिली होती. वास्तविक ह्यात चमत्कार नाही आणि लबाडीही नाही. आंब्यावर संत्रे लागावयाचे नाही. पण संत्रे, मोसंबी, लिंबू, पपनस, म्हाळुंग ही सारी एकाच गोतातील मंडळी आहेत, आणि गोत इतके जवळचे की एकाचा डोळा दुसऱ्याच्या सालीखाली बसविला तर तो परका म्हणून नाकारला जात नाही. पुढे दोघे एकाच मुळाचे पाणी पितात, मात्र आपापले फळ सोडीत नाहीत. शेजारी मोसंबी असल्यामुळे लिंबू थोडे गोड होते काय, असे आमच्या व्याह्यांनी विचारले होते. होत नाही. वर्षानुवर्षे शेजारी राहूनही होत नाही.

ही विद्या आम्ही आगर येथे शिकलो. १९९८ ते २००१ ह्या काळात आम्ही तेथे तहसीलदार होतो. त्या वेळी आगर शाजापूर जिल्ह्यात होते. स्वतंत्र आगर-मालवा जिल्हा २०१३ साली झाला. माळव्याच्या त्या भागात संत्र्याच्या बागा पुष्कळ. तेथील एका रोपवाटिकेत दर हंगामास डोळे भरण्याकरिता वऱ्हाडातून एक वृद्ध कारागीर येत असे. त्याच्याकडे रोपवाटिकेला पन्हेरी म्हणतात, हा शब्द आम्ही प्रथम त्याच्याच तोंडून ऐकला. परमुलखात मराठी बोलणारा अधिकारी भेटला म्हणून तो हरखला खरा. पण आमची इंदुरी मराठी ऐकून गालांत हसत असे. "सायेब, तुमी तं पोथीतलं बोलता," असे तो एकदा म्हणाला. ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाचकांनाही हा शेरा कधी ना कधी मिळाला असेल.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्यापाशी जाऊन बसत असू. खुंट म्हणजे खालचे रोप. ते बहुधा जंबेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चाकूने आडवी आणि तिच्याखाली उभी अशी चीर द्यावयाची. साल अलगद सुटली पाहिजे; न सुटली तर त्या दिवशी काम करू नये. ज्या झाडाचे कलम हवे, त्याच्या डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा डोळ्यासकट उतरवावयाचा आणि तो चिरेत वरून खाली सरकवावयाचा. सालीखाली जो हिरवट, ओलसर थर असतो, त्याचा ह्या थराशी मिलाप झाला की काम झाले. मग प्लास्टिकची पट्टी डोळा उघडा ठेवून घट्ट गुंडाळावयाची. डोळ्याशी पानाचा देठ मुद्दाम राखतात. दोनतीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावावे: नुसत्या स्पर्शाने गळून पडला तर डोळा जगला; वाळून चिकटून बसला तर मेला. जिवंतपणाची ही खूण आम्हांस त्या वेळी फार विचित्र वाटली होती. म्हातारा दिवसभरात शेकड्यांनी डोळे भरी. आमच्या पहिल्या वीस डोळ्यांपैकी तीन जगले, आणि त्यांतील एक आम्ही उलटा बसविला होता.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र मनात राहिली. बीपासून वाढविलेले झाड सातआठ वर्षे फळाचे नाव काढीत नाही, अंगभर काटे घेऊन नुसते वाढत राहते. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येते. कारण डोळा वयाने मोठा असतो. पन्नास वर्षांच्या झाडावरून काढलेला डोळा नव्या खुंटावर गेला म्हणून बालक होत नाही; तो आपले वय बरोबर घेऊन येतो.

स्वतःचे घर झाल्यावर आम्ही २०११ साली परसात जंबेरीचे एक रोप लावले. इंदूरची काळी माती लिंबूवर्गाला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि बुंध्याला डिंक्या लागतो. म्हणून उंच वरंबा केला, मुरूम मिसळला, आणि पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे केले. खत घरच्या कंपोस्टाचे. कंपोस्टाची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती आमच्याच शहरातील, १९२४ साली निघालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी सिद्ध केली, आणि तिच्यावरील १९३१ च्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीला यशवंत वाड हे मराठी नाव आहे, हे आम्ही प्रत्येक पाहुण्यास सांगतो. त्यांपैकी किती ऐकतात, हा भाग निराळा.

२०१३ पासून एकेक फांदी पाहुणी म्हणून येऊ लागली. संत्रे आगरचे. मोसंबी जालन्याची, आमच्या ताईंच्या सासरची. डोळकाड्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रीच्या बसने आल्या. किन्नो शेजारच्या सरदारजींनी दिला. हा मूळचा पंजाबचा अशी त्यांची दृढ श्रद्धा. प्रत्यक्षात त्याचा संकर कॅलिफोर्नियात झाला आणि १९३५ साली तो तेथून प्रसृत झाला, हे आम्ही त्यांस एकदाच सांगितले, पुन्हा सांगितले नाही. पपनस गोव्याच्या एका स्नेह्याने पाठविले. त्यांच्याकडे चवथीच्या माटोळीला ते बांधतात. कागदी लिंबू गल्लीतलेच. नोकरीची सवय म्हणून प्रत्येक फांदीला पत्र्याची पट्टी बांधून क्रमांक दिला आणि वहीत नोंद केली. महाराष्ट्रात ज्यास सात-बारा म्हणतात, त्याच्या जागी आमच्याकडे खसरा असतो. आमच्या सौभाग्यवती त्या वहीला झाडाचा खसराच म्हणतात.

अशा झाडाचे खरे काम डोळे भरण्यात नाही. ते नंतर सुरू होते. सर्वांना पाणी सारखे मिळते, पण घेण्याची शक्ती सारखी नसते. लिंबू आणि पपनस हे दांडगट. मोकळे सोडले तर दोन वर्षांत संत्र्याला सावलीत घालून मारतील. म्हणून संत्र्याला दक्षिणेचे ऊन दिले आणि ह्या दोघांना मागे ठेवले, तरी दर वर्षी त्यांचे अतिक्रमण हटवावे लागते. आणि सर्वांहून जागरूक राहावे लागते ते खालच्या खुंटाविषयी. कोणी त्याचे फळ मागत नाही, पट्टीवर त्याचे नाव नसते. पण संधी मिळताच बुंध्यापासून त्याचे पाणसोट निघतात, सरळ, काटेरी, हिरवेगार. ते कोवळे असतानाच मोडले नाहीत तर सारा रस तेच ओढतात आणि वरची कलमे उपाशी मरतात.

आता आमच्या जुन्या घरातील संत्र्याकडे येतो.

आमचे पणजोबा होळकरांच्या चाकरीत कारकून म्हणून इंदुरास आले. जुन्या शहरातील आमच्या घराच्या मागल्या चौकात एक झाड होते, त्यास आम्ही सारे संत्रे म्हणत असू. आजोबांनी १९३८ साली नागपूरहून त्याचे कलम आणले, अशी घरातील कथा. त्याची फळे पिवळट नारिंगी, जाड आणि खडबडीत सालीची, आणि आंबट म्हणजे अशी की दात आंबून जात. नागपूरचे संत्रे आंबट कसे, ह्याचेही उत्तर घरात तयार होते: इंदूरच्या पाण्याने बिघडले. इकडे येऊन जे जे काही बिघडले, त्या सर्वांचा हिशेब आमच्या घरात पाण्याच्याच खाती मांडलेला असे. आजोबांची प्रकृती, काकांचे इंग्रजी, पोरांची मराठी, सर्व काही. आईने त्या आंबटपणाशी संसार मांडला होता. ती त्याचे लोणचे घाली, त्यास 'संत्र्याचे लोणचे' म्हणे, आणि थंडीत त्याच्या रसात आले, ओवा आणि सैंधव घालून पाचक करी. पोट दुखत असलेले मूल अख्ख्या वाड्यातून आईकडे पाठविले जाई. धाकटा भाऊ तर लहानपणी दुखत नसतानाही जाई.

आगरला असताना एकदा आम्ही त्या झाडाचे एक फळ आणि पानांसकट एक काडी म्हाताऱ्यास दाखविण्यास नेली. ह्या संत्र्याची गोडी परत आणण्याचा काही उपाय आहे काय, असे विचारावयाचे होते. त्याने काडी फिरवून काटे पाहिले, सालीला नख लावून वास घेतला, आणि आमच्या तोंडाकडे पाहिले.

"सायेब, हे संत्रं नाही. हे तं जंबेरी व्हय. तुमचं संत्रं कवाचंच मेलं. खालचा खुंट फुटून वर आला, आन् तुमी त्यालेच संत्रं म्हनत आले."

आजोबांनी आणलेले कलम बहुधा पहिल्या दोनचार पावसाळ्यांतच गेले असावे. पाणसोट मोडावा लागतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. हिरवे काही वर आले, ते वाढले, त्याला फळे आली. नाव आधीच ठरलेले होते. पाण्याने काहीही बिघडविले नव्हते.

हे आम्ही आईला सांगितले नाही. प्रथम वाटले, योग्य वेळी सांगू. मग वाटले, सांगून काय साधावयाचे. ती २०१६ साली गेली, तोवर दर हिवाळ्यात आम्ही संत्र्याचे लोणचे खात राहिलो. मनात ठेवली ती गोष्ट पुढे तोंडातून निघाली, आणि नको त्या प्रसंगी निघाली.

वडील २००९ सालीच गेले होते. आईनंतर दोन वर्षांनी घराची वाटणी करण्याचे ठरले. आम्ही जन्मभर लोकांच्या वाटण्या केल्या; सख्खे भाऊ कचेरीच्या ओट्यावर एका बांधासाठी हमरीतुमरीवर आलेले पाहिले, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटले की, कागद नीट केला असता तर ही वेळ आली नसती. म्हणून घरचा कागद आम्ही स्वतः केला. फीत धरून मोजणी केली, भिंतीची जाडीसुद्धा निम्मी-निम्मी धरली. मागला चौक धाकट्याच्या वाट्यास गेला. त्याच्या परिशिष्टात आम्ही लिहिले: 'एक जुने लिंबूवर्गीय झाड, मूल्य निरंक.' कचेरीच्या भाषेत त्यात गैर असे काही नव्हते. फळझाडाचे मूल्यांकन उत्पन्नावर होते, आणि ह्या झाडाचे उत्पन्न शून्य.

धाकट्याने कागद वाचला. बाकीच्या कशावरही तो अडला नाही. त्या ओळीवर थांबला. "दादा, आईच्या संत्र्याची किंमत निरंक लिहिलीस?"

ह्यावर गप्प राहता आले असते. 'मसुदा आहे, बदलू' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. आम्ही म्हणालो, "अरे, ते संत्रे नाहीच. तो नुसता खुंट आहे. आईला काय ठाऊक?"

तो उठून गेला. सही त्याने केली, पण त्यानंतर आमच्याशी बोलला नाही. २०१९ साली सर्वांनी मिळून घर विकले, तो मुलाकडे पुण्यास राहावयास गेला, आणि ताईंमार्फत खुशाली कळण्याइतकाच संबंध उरला. आमचे म्हणणे खोटे नव्हते. तेच आम्ही पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. कितीही सांगितले तरी त्याचा उपयोग होत नाही, एवढे मात्र कळले.

घराचा ताबा द्यावयाचा त्या आठवड्यात, ऑक्टोबरमध्ये, आम्ही एकटेच तेथे गेलो. झाडाची स्थिती बरी नव्हती. बुंध्यातून डिंक आलेला, शेंड्याला सल, पाने पिवळट. डोळकाडी निरोगी मातृवृक्षावरूनच घ्यावी, हा पहिला धडा. म्हाताऱ्याने तो शिकविला होता, आणि रोपवाटिकांच्या तपासणीत आम्ही स्वतः तो नियम दुसऱ्यांना ऐकविला होता. तरीही त्यातल्या त्यात हिरव्या अशा तीन काड्या कापल्या. खुंटावर खुंटाचाच डोळा भरणे हे तर निव्वळ हास्यास्पद काम; म्हातारा असता तर हसला असता. जे मुळात आहेच, तेच पुन्हा वर बसवावयाचे! चाकू स्पिरिटने पुसला, हात धुतले, सारे शास्त्रोक्त केले. पण रोग चाकूच्या पात्यावर नव्हता. तो असलाच तर डोळ्यात होता.

पाच डोळ्यांपैकी दोन लागले. पुढच्या वर्षी जूनअखेर आम्ही निवृत्त झालो. करोनाचे दिवस, निरोपसमारंभ झाला नाही, जावयाचे कोठे नव्हते. रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसावे. आईची फांदी ज्या वेगाने वाढली, तसे दुसरे काही आमच्या झाडावर वाढलेले नाही. मुळाला आणि तिला एकमेकांची भाषा समजावून घेण्याचे काम नव्हते. दर पंधरवड्यास तिला छाटावे असे वहीत लिहीत असू आणि छाटीत नसू. २०२२ च्या डिसेंबरात तिला पहिली सात फळे आली. सौभाग्यवतींनी लोणचे घातले. आम्ही एक फोड तोंडात घातली आणि पुढे काही सुचेना.

त्याच हिवाळ्यात कागदी लिंबाची नवी पाने वाटीसारखी आत वळलेली दिसली. आधी मावा वाटला, मग अन्नद्रव्यांची उणीव. सकाळच्या फिरण्यातील आमचे एक स्नेही वनस्पतिरोगांचे निवृत्त अध्यापक आहेत. त्यांनी एक पान तोडून सूर्याकडे धरले आणि आम्हांस दाखविले: शिरांचे बारीक बारीक तुकडे काचेसारखे पारदर्शक दिसत होते. "ट्रिस्टेझा," ते म्हणाले.

गोव्याच्या वयोवृद्ध वाचकांस हा शब्द ओळखीचा वाटेल. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ दुःख, खिन्नता. १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत आंबट नारिंगाच्या खुंटावरील बागाच्या बागा ह्या विषाणूने वाळल्या, तेव्हा ब्राझीलमध्ये रोगाला हे नाव मिळाले. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि त्याहूनही निश्चितपणे नेतो तो डोळे भरणारा माणूस. एकदा तो एका फांदीत आला की आतल्या रसवाहिन्यांतून साऱ्या झाडात पोचतो. मूळ एक असण्याचा हा दुसरा अर्थ आम्ही कधी लक्षात घेतला नव्हता. जंबेरीच्या खुंटावर संत्रे, मोसंबी तो बव्हंशी सोसून नेतात. जंबेरी तर त्यास खिजगणतीत धरीत नाही, वर्षानुवर्षे तो अंगात बाळगूनही धडधाकट दिसते. कागदी लिंबाला मात्र तो सोसत नाही, आणि म्हणूनच शास्त्रज्ञ रोग ओळखण्यासाठी कागदी लिंबाचीच रोपे वापरतात. स्नेही म्हणाले, "तुमचे लिंबू बोलले. बाकीचे गप्प होते इतकेच."

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे पाने पाठवून खात्री करून घ्यावी, असे त्यांनी सुचविले. रोग आईच्या फांदीतून आला, की गल्लीतल्या एखाद्या झाडावरून माव्याने आणला, ह्याचा अंदाज तरी लागला असता. जन्मभर 'अहवाल सादर करा' असे लिहिणाऱ्या आम्ही तो अहवाल मागविला नाही. पत्ता लिहिलेला लिफाफा अजून खणात आहे. कागदी लिंबू २०२३ च्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळत गेले. पावसाळ्यापूर्वी फांदी कापली, मलम लावला आणि वहीत त्या क्रमांकापुढे रेघ ओढली.

आणि मग २०२४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, धाकट्याचा फोन आला. प्रकृती, मुले, ताईंचे गुडघे, सारे बोलून झाले. नंतर तो म्हणाला, "दादा, आईचं संत्रं तुझ्याकडे आहे, असं ताई म्हणाली. पुण्याबाहेर थोडी जागा घेतली आहे. डोळकाडी की काय म्हणतोस, ती देशील?"

संत्रे हा शब्द त्याने मुद्दाम उच्चारला की सहज, हे आम्हांस कळले नाही. "देतो," असे आम्ही म्हणून बसलो.

त्यानंतरच्या दोन रात्री वाईट गेल्या. सहा वर्षांनी त्याने काही मागितले होते, आणि जे मागितले तेच देण्याजोगे नव्हते. काड्या द्याव्यात तर त्यांतून रोग त्याच्या जागेत जाणार. त्याच्या कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याची लिंबाची बाग आहे, हे त्यानेच बोलता बोलता सांगितले होते. नाही म्हणावे तर निरंक लिहिणारा दादा आता एक काडीही सोडीत नाही, असे होणार. पाठवून गप्प बसावे, जंबेरीवर काही दिसावयाचेच नाही, असेही एकदा मनात आले. ते येथे लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी आम्हीच फोन केला आणि सारे सांगितले. डिंक आलेला बुंधा पाहूनही काड्या कापल्या, तेथपासून न पाठविलेल्या लिफाफ्यापर्यंत. तो मधे एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे संत्रं गेलं."

गेले नव्हते. हा विषाणू बियांतून जात नाही, आणि जंबेरीच्या बीची आणखी एक खोड आहे: एका बीतून बहुधा दोनतीन रोपे निघतात, आणि त्यांतील बरीचशी परागाशी संबंध न येता थेट आईच्याच पेशींपासून झालेली, म्हणून हुबेहूब आईसारखी असतात. खुंटासाठी जंबेरी निवडतात ती ह्याही कारणाने. तेव्हा बी पाठवितो, असे आम्ही म्हणालो. मात्र ते वयाने लहान असेल. डोळ्यासारखे मोठेपण घेऊन येणार नाही. काटे येतील, आणि फळास सातआठ वर्षे लागतील. आम्हांस ६७ वे वर्ष लागले होते, त्यास ६१ वे. हा हिशेब दोघांनीही मनातल्या मनात केला असावा, कारण थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

आणखी एक गोष्ट त्याला सांगावयाची होती. २०१८ साली, म्हणजे आम्ही तो मसुदा लिहीत होतो त्याच वर्षी, लिंबूवर्गाच्या वंशावळीचा एक मोठा जनुकीय अभ्यास 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. ही सारी फळे मोजक्या मूळ कुळांच्या संकरांतून झाली, असे त्यावरून दिसते. मोसंबीत पपनस आणि संत्रे ह्या दोघांचे रक्त आहे. लिंबांच्या वंशात म्हाळुंग येतेच येते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती जे मातुलिंग आहे, ते हेच. आणि जंबेरी ही संत्र्याचे कूळ आणि म्हाळुंग ह्यांची संतती. "म्हणजे आईचे म्हणणे निम्मे खरे होते," आम्ही म्हणालो.

"पूर्ण खरं होतं," तो म्हणाला. पण आवाजात पूर्वीचा ताठा नव्हता.

पौषात फळे पिकल्यावर चाळीस बिया धुऊन, ओलसर फडक्यात बांधून, डब्यात घालून पुतण्याबरोबर पुण्यास पाठविल्या. वाळू द्यावयाच्या नाहीत, अशी चिठ्ठीत तीनदा सूचना लिहिली. मार्चमध्ये त्याचा फोन आला. एका बीतून तीन कोंब आले आहेत. एकाच आकाराचे दोन, आणि तिसरा जरा बारका, पानांनीही वेगळा. कोणता ठेवू?

सारखे दोन आहेत ते आईचे, असे आम्ही सांगितले. तिसरा परागाचा असावा, त्यात कोण आले असेल हे सांगता येत नाही. आमच्याच झाडावरील मोसंबी, किन्नो, कोणीही. माळी तो उपटून टाकतात.

"उपटू?"

"नको. वेगळ्या कुंडीत लाव."

त्याने पत्र्याची पट्टीही कापून ठेवली होती, आमच्यासारखीच. पट्टीवर काय लिहावयाचे, असे विचारील म्हणून आम्ही थोडे थांबलो. त्याने विचारले नाही, तेव्हा आम्हीच म्हणालो, "पट्टीवर संत्रे लिही."

"ते लिहिलंच आहे," तो म्हणाला.